पाटीवालीचं लोणी

जगात आपल्या दह्याला आंबट कोणी म्हणत नाही. ही बाई म्हणायची, आणि नुसती म्हणून थांबायची नाही, खडूने लिहून दुकानाबाहेर टांगायची. "आज पाव खालून करपलाय." "चीज अजून कच्चं आहे, घाई असेल तरच न्या." म्हणून पंचक्रोशीत तिचं नाव पडलं पाटीवाली. खरं नाव एक पोस्टमन सोडला तर कुणाला आठवत नसावं.

सवय लागली ती एका भांड्यापायी. नवरा गेला त्या वर्षी तिच्या हातून सफरचंदाचा मुरंबा करपला. दुकानात दुसरं काहीच नव्हतं. फेकून द्यायला जीव होईना आणि गुपचूप विकायची लाज वाटत होती. तिने पाटीवर लिहिलं, "करपलाय. चाखून मगच न्या." दुपारपर्यंत बरण्या संपल्या. तेव्हापासून रोज सकाळी धारा काढून झाल्या की ती एकेक वस्तू चाखायची आणि जी खोट असेल ती लिहायची. खोट नसेल त्या दिवशी पाटी कोरी. कोरी पाटी दिसली की नेहमीची गिऱ्हाइकं काही न विचारता दुप्पट न्यायची.

दुकानाला लागून चहाघर होतं, ते तिच्या धाकट्या जावेचं. पाच टेबलं, निळे पडदे, काचेच्या झाकणाखाली केक. दोघी एकाच घरात राहायच्या, दिवसातून तीनदा भांडायच्या आणि एकीशिवाय दुसरी जेवायची नाही. धाकटीची एकच अट होती: "जाऊबाई, तुमच्या लोण्याचं काय लिहायचं ते लिहा. माझ्या केकचं नाव पाटीवर येता कामा नये."

ते सगळं ठीक चाललं होतं, पण टेकडीपलीकडून मोठा रस्ता झाला आणि गाड्या तिकडून जाऊ लागल्या. पाचातली चार टेबलं रिकामी राहू लागली. धाकटीचा नवरा दुधाचा टँकर चालवायचा. तो शहरात बिऱ्हाड हलवायचं म्हणत होता. थोरली, म्हणजे पाटीवाली, वरून म्हणायची, "जा की, कोण अडवतंय?" मनात मात्र म्हणायची: तीस वर्षं जिच्याशी भांडलो ती गेली तर ह्या घरात बोलायचं कुणाशी, गाईंशी?

अशात कळलं की शेतदुकानं, चहाघरं आणि खेड्यातल्या खाण्याच्या जागा दाखवणारा एक नकाशा छापला जाणार आहे. हजारो प्रती निघणार, शहरातल्या लोकांच्या हाती पडणार. निवड करणाऱ्या बाई मंगळवारी येणार होत्या. धाकटीने चार दिवस घर डोक्यावर घेतलं. सोमवारी तिने थोरलीला खिडक्या पुसायला जुंपलं, आणि त्या गडबडीत ओढ्याकाठच्या कुरणाचं फाटक थोरलीकडून उघडं राहिलं. त्या कुरणात रानलसूण उगवतो. तो संपेपर्यंत गाईंना तिथे सोडायचं नसतं, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. गाई पोटभर चरल्या.

मंगळवारी सकाळी लोणी जिभेवर ठेवताच थोरलीने कपाळावर हात मारला आणि पाटी लिहिली: "लोण्याला लसणाचा वास आहे. फाटक मी उघडं ठेवलं."

धाकटी घायकुतीला आली. "आजच्या दिवस नको ना! झाकली मूठ सव्वा लाखाची, जाऊबाई."

"मूठ झाकता येते. लोणी तोंडात गेल्यावर काय झाकणार?"

थोरली गोठ्यात गेली, तशी धाकटीने ओल्या फडक्याने पाटी पुसली आणि पुन्हा खिळ्याला टांगली.

नकाशावाल्या बाई आल्या. गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा, हातात वही. त्यांनी पावाला लोणी लावून घास घेतला आणि डोळे मिटले. धाकटीचा जीव टांगणीला. बाईंनी डोळे उघडले ते चमकतच.

"लसूण! लोण्यात लसूण! काय कल्पकता आहे हो. हीच तुमची खासियत म्हणून लिहिते."

धाकटीने आनंदाने केकचा मोठा तुकडा त्यांच्यापुढे सरकवला. थोरली चहाची किटली घेऊन दारात उभी होती. गप्प राहायला काहीच लागत नव्हतं, नुसतं तोंड मिटायचं. खरं सांगायचं तर एक क्षण तिने मिटलंही. तेवढ्यात दुकानातून म्हातारा सुतार बाहेर पडला. काखेत लोण्याचे दोन मोठे गोळे.

"आज पाटी कोरी बघितली," तो खुशीत म्हणाला, "म्हटलं दोन न्यावेत. आजारपणात आमच्या हिला तुमच्या लोण्याशिवाय घास उतरत नाही."

थोरलीने पाटीकडे पाहिलं, मग जावेकडे. जावेने मान खाली घातली.

"सुतारदादा, ते ठेवा खाली. वास येतोय लोण्याला. वहिनींना परवाचं चांगलं आहे, ते देते." मग ती बाईंकडे वळली. "आणि ही खासियत वगैरे काही नाही. चूक आहे माझी. फाटक उघडं राहिलं, गाई रानलसूण चरल्या. जी खोट असेल ती मी रोज त्या पाटीवर लिहिते, आजही लिहिली होती."

बाई हसल्या. "अहो, पण लोकांना आवडेल! चूक होती हे कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल. आणि पुढल्या महिन्यात लसूण सुकल्यावर लोक मागायला आले तर काय करू? खोटं सांभाळायला रोज नवं खोटं चरायला सोडू?"

"आपल्या मालात खोट आहे असं दाराबाहेर लिहिणारं दुकान नकाशात शोभत नाही," बाईंनी वही मिटली. "ती पाटी काढाल तर बघू."

"पाटी राहील. तुमचा चहा गार होतोय."

बाई चहा न पिता गेल्या. सुतार गेल्यावर दोघी जावांत जे झालं ते ऐकून कोंबड्या पांगल्या. धाकटी रडली, ओरडली, आठवडाभर अबोला धरला. थोरलीही काही कमी नव्हती. पण आपणच हिला आपल्या हातांनी शहराकडे ढकललं, ह्या विचाराने तिला जेवण जाईना.

महिन्याने नकाशा आला. टँकरवाल्याने तो टेबलावर पसरला. मोठा रस्ता होता, फाटा होता, ओढासुद्धा होता. दुकानाच्या जागी झाड काढलं होतं.

"झालं," तो म्हणाला. "आता तरी बिऱ्हाड हलवायचं ना?"

धाकटीने त्या झाडावर बोट ठेवलं. "माझ्या चहाघरावर झाड?" ती म्हणाली. उठून तिने केकच्या झाकणाखालून एक तुकडा तोडला, चाखला, नाक मुरडलं. मग जुन्या दाराची एक फळी काढली, खडू घेतला आणि थोरलीला म्हणाली, "हातोडा घ्या. मोठ्या रस्त्यावर जायचंय."

फाट्यावर पोचल्यावर थोरलीने फळी वाचली: "इकडे वळा. नकाशात आम्ही नाही, पण आहोत. केक आज मधे बसलाय."

थोरलीने ती पुन्हा एकदा वाचली. मग ती खेकसली, "धर नीट. वाकडी ठोकतेयस."

"ठोकू द्या," धाकटी हातोडा उचलत म्हणाली. "तेही खाली लिहिते."