तातेरावांचं घरचं तूप

कुंभार पिंपळगावात कुणाच्याही लग्नाची पंगत असो, तूप वाढायला तातेरावच लागत. जेवणारा ताटावर हात आडवा धरायचा, "बस, बस" म्हणायचा आणि तातेराव बोटांच्या फटीतून धार सोडून मोकळे. "हात काढा, घरचं हाय," एवढंच म्हणायचे. तेव्हा ते खरंही होतं. गोठ्यात म्हशी होत्या, बायको झुंबरबाई लोणी कढवायची आणि तुपाचं कौतुक निघालं की तातेरावांची मान अशी ताठ व्हायची, जसं काही दूध म्हशी नव्हे, तेच देत होते.

पुढं गुडघे धरले, म्हशी विकल्या. तुपाचं नाव मात्र गावभर होतंच. धाकट्या लेकीच्या, दैवशालाच्या लग्नात ते नाव राखायचं म्हणून या गृहस्थांनी बाजारातून वनस्पती तुपाचे डबे आणले, वासापुरतं घरातलं उरलंसुरलं तूप त्यात कालवलं आणि ऐटीत पंगतीत उतरले.

शहागडचे व्याही रखमाजी नुकतेच हृदयाच्या दुखण्यातून उठले होते. त्यांनी ताटावर हात धरला.

"याही, डॉक्टरनं चमचाभर तूप चालतंय म्हणलं, पण घरचं. ते वनस्पती बिलकुल न्हाई. हे घरचं हाय ना?"

सगळी पंगत बघत होती. तातेरावांनी पंगतीवर एकदा नजर फिरवली. मग हसून म्हणाले, "हे बी इचारणं झालं का, याही? आपल्या गोठ्यातलं हाय." आणि वाढलं. रखमाजींनी बोटं चाटून खाल्लं आणि वर फर्माईश केली, "दर महिन्याला एक डबा धाडत जा."

पहिल्या डब्यासाठी तातेराव अस्सल तूप आणायला बाजारात गेलेही होते. भाव ऐकला आणि हात आखडला. पोटाला चिमटा बसला असता असं काही नव्हतं. निव्वळ कद्रूपणा. तेच कालवलेलं तूप डब्यात गेलं आणि मग दर महिन्याला तसलंच जात राहिलं.

"आजारी माणसाच्या ताटात घालून राह्यले तुम्ही," झुंबरबाई म्हणाली. "लेक दिलीय त्या घरात."

"चमचाभरानं काय होतंय?" तातेराव खेकसले. आवाज चढला खरा, पण बायकोच्या नजरेला नजर देणं काही जमलं नाही.

त्यात रखमाजींना बोलायला एकच विषय उरला होता. फोन आला की सुरू. "सगळीच चरबी वाईट न्हाई बरं का, याही. करडीचं तेल, पण हात राखून. जवसाची चटणी, मूठभर शेंगदाणे, हे चांगलं. तळणाचं तेल पुन्हा पुन्हा तापवायचं न्हाई. अन् ते तेल गोठवून केलेलं वनस्पती तर घरातच आणायचं न्हाई. वाईट कोलेस्टेरॉल वाढवतंय, चांगलं घटवतंय, काळजाच्या नळ्या बुजवतंय." इकडं तातेराव "बराबर, बराबर" म्हणत एका हातानं डबा भरत असायचे. फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःचीच किळस यायची. खरं सांगून टाकावं असं वाटायचं. पण सांगितलं तर व्याह्याच्या दारात पुन्हा उभं कोणत्या तोंडानं राहायचं? आणि दैवशालाला त्या घरात जन्मभर काय काय ऐकावं लागेल?

असं वर्ष गेलं. एक दिवस रखमाजींचा फोन आला, "रिपोर्ट चांगले आले. तुमच्या तुपाचा गुण हाय, याही. जेवायला या." तातेराव मांडीवर नवा डबा घेऊन जीपनं शहागडला निघाले. आज एकट्यात गाठून सांगायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं.

हातपाय धुवायला ते मागच्या अंगणात गेले. तिथं चुलीवर दैवशाला लोणी कढवत होती. शेजारी त्यांनीच मागं धाडलेला डबा होता आणि त्यात ती ताजं, रवाळ तूप गाळत होती. दावणीला एक म्हैस रवंथ करत होती. तातेराव चुलीपाशी जाऊन उकिडवे बसले.

"कव्हा कळलं तुला?"

"पहिल्याच डब्याला, दादा. टाळूला मेणावानी चिकटलं. मी आईच्या हातचं तूप खाऊन वाढले, मला कळणार न्हाई का?" तिनं मान वर केली नाही. "तुमच्या डब्यातलं देवापुढच्या दिव्याला लावते. मामंजीला एक चमचा सुदीक दिला न्हाई. त्यान्ला वाटतंय, हे तूप मी इकायला करते."

"मी सांगतो त्यान्ला. आत्ताच सांगतो."

"काय सांगता? मंग तुमचंच तूप म्हणून वर्षभर मी काय वाढत आले, ते बी सांगावं लागंल."

तातेरावांना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. आपली लाज झाकता झाकता लेकीला खोटं बोलायला लावलं होतं त्यांनी, तेही तिच्याच सासरी.

पानं मांडली. बाजरीची भाकरी, जवसाची चटणी, वरण-भात. रखमाजी खुशीत होते. "सूनबाई, याह्यान्ला त्यांचंच तूप वाढा. हात राखू नका."

दैवशाला डबा घेऊन आली. तातेरावांनी खाली मान घातली आणि ताटावर हात आडवा धरला. उभ्या जन्मात त्यांनी स्वतः कुणाचा असा हात मानला नव्हता.

तिनं चमचा भरला आणि सगळ्यांदेखत हलक्या आवाजात म्हणाली, "हात काढा, दादा. घरचं हाय."

त्यांनी हात काढला.