आईचा डिस्चार्ज

वृद्धाश्रम हा शब्द आईपुढे काढायची माझी छाती झाली नाही. म्हणून मी 'नर्सिंग होम' म्हटलं, आणि तिथंच घोटाळा झाला. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरांचं लहानसं हॉस्पिटल. बाई तिथं बाळंतपणाला जाते आणि चार-पाच दिवसांत बाळ घेऊन घरी येते. आई येवल्याच्या शाळेतली निवृत्त शिक्षिका. घसरून पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि गंगापूर रोडकडच्या वृद्धांच्या देखभाल केंद्रात ती खुशीत आली. पलंगावर टेकल्या टेकल्या तिने विचारलं, डिस्चार्ज कधी?

तिला हसण्यात अर्थ नाही, मीही कमी शहाणी नव्हते. ऑपरेशनचे पैसे मेडिक्लेमने दिले होते, तेव्हा इथलेही देईल असं धरून पहिल्या महिन्याचं बिल घेऊन मी विम्याच्या ऑफिसात गेले. तिथल्या गृहस्थांनी शांतपणे सांगितलं की विमा उपचारांचा असतो. उचलून बसवणं, आंघोळ घालणं, भरवणं याला उपचार म्हणत नाहीत. मग माझी आई काय हवेवर बरी होणार का, असं म्हणून मी बरीच भांडले. तापटपणा मला तिच्याकडूनच आलाय.

शेवटी केंद्राच्या मॅडमसमोर मुकाट्याने वही उघडून बसले. खोली, जेवण आणि सांभाळणाऱ्या मावशी महिन्याच्या रकमेत. डायपर, औषधं, फिजिओथेरपी वेगळी. अनामत परत मिळते का, तेही विचारून घेतलं. आईच्या पेन्शनमध्ये बरंचसं भागतं, उरलेलं मी आणि धाकटा भाऊ निम्मंनिम्मं घालतो. घरी नेणं शक्य नव्हतं. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, तिला उठवायला दोन माणसं लागतात. आधी तिच्या घरी कामाला ठेवलेल्या दोन बायकांचं आई शुद्धलेखन सुधारायला गेली, त्या आठवड्याभरात पळाल्या.

डिस्चार्जचं मात्र ती दर भेटीत विचारायची. मी कधी डॉक्टरांवर ढकलायचे, कधी एक्स-रेवर. खरं कळलं तर ती अन्न सोडेल, अशी मला भीती होती. बाबांशी एकदा वाद झाला तेव्हा दोन दिवस पाण्यावर राहिलेली बाई ती.

नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. बँकेतले साहेब फॉर्म घेऊन केंद्रातच आले. आईने चष्मा लावला, सही केली आणि पत्त्याच्या रकान्यापाशी थांबली. मी घाईने म्हटलं, घरचाच लिही. कॉपी करणाऱ्या मुलीकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं आणि सुवाच्य अक्षरात केंद्राचा पूर्ण पत्ता लिहिला, पिनकोडसकट.

तिला कधीपासून माहीत होतं, असं मी चाचरत विचारलं. पहिल्याच आठवड्यात मावशींनी सांगितलं, म्हणाली.

"मग डिस्चार्जचं का विचारत राहिलीस?"

"तब्येत बरी आहे म्हटलं की तू लगेच पर्स उचलतेस," आई म्हणाली. "डिस्चार्जचं विचारलं की समजूत काढायला तासभर बसतेस."

मला रडू आवरेना. साहेब फॉर्म घेऊन गेले, मी तिच्यापाशी बसून राहिले.