आज कोणता शर्ट

आमच्या जिन्याखाली झालेलं एक भांडण मला अजून शब्दानिशी पाठ आहे. मी लग्न होऊन नुकतीच आलेली. हातात पाण्याची बादली घेऊन वरच्या पायरीवर थबकले. खाली उतरावं तर भांडणात पडल्यासारखं, आणि मागे फिरावं तर पुढचं ऐकायला मिळणार नाही. बेकरीवाली इस्त्रीवालीला फैलावर घेत होती. बेकरीवालीची लेक सासरहून कायमची परत आली होती आणि ही गोष्ट इस्त्रीवालीने बाहेर फोडली होती.

"गावभर केलंस ना माझ्या पोरीचं?"

"गावभर कशाला? सातजणींना सांगितलं," इस्त्रीवाली म्हणाली. "एकीचा भाऊ शिवणाच्या कारखान्यात आहे, तो पोरीसाठी काम बघतोय. बाकीच्या सहाजणी तिला 'कधी आलीस, कधी जाणार' विचारायच्या, त्या आता विचारत नाहीत. परवापासून विचारलं का कुणी?"

बेकरीवालीने पदर खोचला आणि पाठ फिरवली. जाता जाता म्हणाली, "तरी तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही."

"भिजेल कसा? दिवसभर निखाऱ्यापाशी उभी असते मी."

सगळे तिला पाठीमागे दवंडी म्हणत. तिलाही ते माहीत होतं. जिन्याखाली तिचं टेबल, कोळशाची इस्त्री, आणि घराघरातले कपडे बांधलेली चादरींची गाठोडी. कपड्यांवरून ती घरं वाचायची. कुणाची नोकरी गेली, कुणाकडे पाळणा हलणार, कोण नवऱ्याशी अबोला धरून आहे, सगळं तिला आधी कळायचं. मी तर गाठोडं देण्याआधी खिसे दोनदा झाडायची.

चाळीस वर्षं अशी गेली. मग आमचे हे विसरायला लागले. जन्मभर पोस्टात बसून लोकांची पत्रं गल्लीनिहाय लावली आणि म्हातारपणी स्वतःचाच पत्ता आठवेना. कधीच निवृत्त झालेला माणूस सकाळी भांग पाडून, इस्त्रीवाली टेबल मांडायच्या आधीच, कामावर निघायचा. मी कुणाला कळू दिलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. फिरायला जातात, असं सांगायची. आणि खरंच, दुपारपर्यंत ते परत यायचे. घराची वाट तेवढी ह्यांच्या पायांना ठाऊक आहे, याचा मला केवढा आधार होता.

इस्त्रीवालीला अर्थातच कळलं. तिने नुकतेच इस्त्री करून दिलेले शर्ट ह्यांनी तासाभराने पुन्हा तिच्याकडे इस्त्रीला नेले होते. मी तिच्याकडून शपथ घेतली, कुणाला सांगायचं नाही. तिने मान डोलावली.

महिन्याभराने भाजीवाली वजन करता करता सहज म्हणाली, "काका आज पिवळ्या शर्टात ना?" पुढे न्हाव्याने दुकानातूनच विचारलं, पिवळाच ना. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. म्हणजे माझा नवरा रस्त्याला करमणूक झाला होता. तशीच टेबलापाशी गेले आणि उद्यापासून आमचे कपडे नकोत म्हणाले. तिने माझी चादर घडी करून हातात दिली. उलट उत्तर न देण्याची तिची ती पहिलीच वेळ.

चौथ्या दिवशी दुपार टळली तरी हे आले नाहीत. चार वाजले. मी धावत सुटले आणि पाय आपोआप जिन्याखाली वळले. माझं तोंड पाहून तिने इस्त्री बाजूला ठेवली. एकच विचारलं.

"आज कोणता शर्ट?"

"हिरवा. चुरगळलेला."

पेटती इस्त्री सोडून ती निघाली. न्हाव्याला सांगितलं, भाजीवालीला सांगितलं, शाळेच्या शिपायाला सांगितलं. तासाभरात बसथांब्यावरचा चांभार ह्यांचा हात धरून आला. म्हणाला, पलीकडच्या थांब्यावर बसले होते. "उद्याचा शर्ट आदल्या संध्याकाळी इस्त्रीवालीकडून कळायचा, तो तीन दिवस कळला नाही, त्यामुळे चुकामूक झाली. नाहीतर रोज आम्हीच वळवतो काकांना. आज सुट्टी आहे म्हणतो, ते खूश होऊन माघारी फिरतात."

मी ह्यांचा दुसरा हात धरला. घराची वाट पायांना ठाऊक नव्हती. ती रोज कुणीतरी दाखवत होतं.

"शपथ घेतली होतीस," मी तिला म्हणाले.

"घेतली होती. मोडली."

"सातजणांना सांगितलंस?"

"अकरा. भाऊजींची चाल लांब आहे."

त्यानंतर हे चार वर्षं हिंडले. रोज सकाळी मीच खिडकीतून ओरडायची, आज निळा, आज रेघांचा. शेवटी गेले ते घरात, आपल्या अंथरुणावर, माझा हात हातात असताना. ती चार वर्षं मला तिने दिली, असंच मी मानते.

मग तिचीच पाळी आली. डॉक्टरांनी आशा सोडली होती. मला सांगून म्हणाली, कुणाला बोलू नकोस. मी मान डोलावली आणि संध्याकाळपर्यंत पाचजणींना सांगितलं. पाचही पारखून. बेकरीवालीची लेक, आता तीच बेकरी चालवते, रोज तिच्याजवळ येऊन बसायला लागली. इस्त्रीवालीने माझ्याकडे बघितलं. "तुझ्याही तोंडात तीळ भिजत नाही गं."

जायच्या आठ दिवस आधी ती माझे कपडे घेऊन वर आली. मी येते म्हटलं तर ऐकलं नाही. कपडे मोजून दिले, उंबऱ्यावर बसली, दम घेतला.

"तिसऱ्या मजल्यावरची नवी भाडेकरीण," ती हळूच म्हणाली. "गाठोड्यात तान्ह्या बाळाची झबली आहेत, पुरुषाचा एकही कपडा नाही. रडून डोळे सुजलेत पोरीचे. कुणाला सांगू नकोस."

आणि रिकामी चादर खांद्यावर टाकून, दर वळणावर थोडं बसत, ती जिना उतरून गेली.