दोनदा मोजायचं कॉलेज

शेतकी कॉलेजात शिकलेली दोन माणसं भेटली की पिकांवर पाच मिनिटं बोलतात आणि कोण कसं पकडलं गेलं यावर दोन तास. आमचंही तसंच. मी मेहकरची, वडील तहसिलीत कारकून. माझी रूममेट नसरीन नांदुऱ्याची, कापसाच्या व्यापाऱ्याची मुलगी. आणि प्रॅक्टिकलच्या गटात आमच्यासोबत प्रमोद, सोनाळ्याच्या शेतकऱ्याचा मुलगा. चार वर्षांत आम्ही तिघांनी पिकवलं थोडं, किस्से मात्र पोत्यानं साठले. आणि बहुतेकांच्या मुळाशी संशय आहे.

याचं बरंचसं श्रेय आमची प्रॅक्टिकलं घेणाऱ्या वानखडे सरांना. पहिल्याच दिवशी शेतावर उभं करून ते म्हणाले, "रोपं दोनदा मोजली जातील. एकदा तुम्ही मोजाल, एकदा मी. माझा रोपांवर विश्वास आहे."

*

दुसऱ्या वर्षी किडे पकडून, टाचणीला लावून पेटी जमा करायची होती. मी आणि नसरीन एकाच टेबलावर बसून पेट्या लावत होतो. टेबलावर एक तुटका पाय दिसला. माझ्याच भुंगेऱ्याचा असणार, असं समजून मी तो डिंकानं चिकटवून टाकला. चिकटवण्याआधी बाकीचे पाय मोजायला हवे होते.

सरांनी भिंग लावलं. पाय मोजले. मग म्हणाले, "सहा पाय असले तर कीटक. आठ असले तर कोळी. हा सात पायांचा प्राणी मेहकरकडेच सापडतो का?"

मी मान खाली घातली. सरांनी शेजारची नसरीनची पेटी ओढली. तिच्या भुंगेऱ्याला पाच पाय निघाले. सरांनी ती पेटी तिच्याकडे सरकवली. परत माझ्याकडेच पाहिलं.

*

मग बियाणं उगवण्याची चाचणी. ओल्या कागदात सोयाबीनचे शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे आणि आठवड्यानं किती उगवले ते मोजून लिहायचं. आमच्या वर्गात कोणाचे नव्वद उगवले, कोणाचे ब्याण्णव. माझे ब्याण्णव, नसरीनचे एक्क्याण्णव. प्रमोदचे अडतीस.

तो घाबरला. तीनदा मोजले. त्याच्या घरातला कॉलेजात आलेला तो पहिलाच, आणि त्याला वाटायचं, कधीतरी कोणीतरी म्हणणार की तू इथं चुकून आलास.

"ब्याण्णव लिहून टाक ना," मी म्हटलं.

"लिहीन बे, पन उगवले नाही तं लिहू कसे?" आणि त्यानं अडतीस लिहिले.

दुसऱ्या दिवशी सरांनी त्यालाच उभं केलं. "प्रमोद, तुझं काय चुकलं?"

"सर, पानी बी बराबर देल्लं. तितकेच निंगाले."

सरांनी सगळ्या वह्या एकावर एक रचल्या. "बियाणं तीन वर्षांपूर्वीचं होतं. मीच मुद्दाम दिलं. प्रमोदचं कागदात उगवलं. तुमचं सगळ्यांचं वहीत उगवलं."

त्या दिवसापासून प्रमोद पहिल्या बाकावर बसायला लागला.

*

तिसऱ्या वर्षी आमच्या गटाला हरभऱ्याचा वाफा मिळाला. मार्क उत्पन्नावर होते. घाटे भरायला लागले आणि कमीही व्हायला लागले. प्रमोदचा संशय शेजारच्या गटावर, शेजारच्यांचा आमच्यावर, आणि खरं सांगायचं तर माझा थोडा नसरीनवर, कारण तिला हिरवा हरभरा फार आवडायचा. तिचा माझ्यावर होता, हे तिनं नंतर सांगितलं.

शेवटी दुपारच्या जेवणाला दांडी मारून आम्ही तिघं तुरीच्या ओळीआड बसलो. दोनच्या सुमाराला वानखडे सर आले. इकडेतिकडे पाहिलं. वाकून मूठभर घाटे तोडले आणि उभ्या उभ्या सोलून खाल्ले.

प्रमोद उठलाच. सर दचकले, पण सावरले. "घाटेअळी किती लागली, ते पाहत होतो."

प्रमोद अगदी नम्रपणे म्हणाला, "सर, आमाले सापडली अळी."

त्या हंगामात आमच्या वाफ्याचे मार्क सरांनी दुसऱ्या सरांना द्यायला सांगितले.

*

शेवटच्या वर्षी गावात राहून शेतकऱ्यांची माहिती गोळा करायची असते. आमच्या यादीत सुमनकाकू होत्या. वही पाहूनच त्या सावध झाल्या.

"जमीन किती, काकू?"

"दोन एकर."

"जनावरं?"

"नाही बाप्पा."

तेवढ्यात भिंतीमागून गाय हंबरली. नसरीननं वाकून पाहिलं. "मंग ही?"

"पाहुनी हाय. बहिनीची."

"कधी आली?"

"आठ वर्सं झाले."

नसरीननं वही मिटली आणि सरळ गोठ्यात गेली. गाईची कास सुजलेली होती. डॉक्टरला आजच बोलवा, असं ती बजावून आली.

आठवड्यानं काकू स्वतः आमच्या खोलीवर आल्या, हातात ताकाचा तांब्या. "लिवा पोरीहो. गाय एक." मग जरा थांबून विचारलं, "जमीन किती सांगतली होती म्या?"

"दोन एकर."

"मंग तीन लिवा."

गावात सगळे सांगायचे, काकूंची सात एकर आहे.

*

निकाल लागला आणि नसरीन कॉलेजात पहिली आली. तिला पुढं दोन वर्षांची एमएस्सी करायची होती. घरी मात्र खामगावचं स्थळ आलेलं होतं, आणि तिचे अब्बा हो म्हणण्याच्या बेतात होते. "तू सोबत चाल," ती मला म्हणाली. मी गेले.

अब्बा उभी हयात कापूस घेत आलेले. गाठोड्याच्या वरचा कापूस ते बघतच नसत, कोपरापर्यंत हात आत घालून खालचा काढत, कारण वजन वाढवायला लोक खाली पाणी मारतात. माझ्यासमोर ते मराठीत बोलायचे. त्यांनी मार्कशीट घेतली. पुढून पाहिली, मागून पाहिली, खिडकीच्या उजेडात धरली.

"पयली आली. आन बाकीचे पोरं अभ्यास करत होते का?"

"करत होते, काका," मी म्हटलं.

ते उठून आत गेले. परत आले तेव्हा दोन्ही हातांत कापूस होता. दोन कागदांवर दोन मुठी ठेवल्या. "यातला पानी मारलेला कोनता?"

नसरीन खाली बसली. एक मूठ दाबली, सोडली. दुसरी दाबली. तंतू ओढून पाहिला, कापूस गालाला लावला. अम्मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या. मला वाटलं, ही डावीकडचा म्हणेल. मीही डावीकडचाच म्हटला असता.

"पानी कशातच नाही," नसरीन म्हणाली. "दोन्ही एकाच गाठोड्यातले हायेत."

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. "तू इशारा केला का इले?"

"नाही काका. मले तं डावीकडचा ओला वाटला."

त्यांनी दोन्ही मुठी एकत्र केल्या. मग अम्मींना म्हणाले, "खामगाववाल्यायले फोन लावा. म्हना, पोरगी दोन वर्सं मोकळी नाही."