बारापैकी आठ

आमच्या लातूरच्या कॉलेजात बी.कॉम.च्या मुलांना कॅल्क्युलस शिकवणारे एक सर आहेत. मूळचे नायगावचे. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवतो. मधली भिंत पातळ आहे, त्यामुळे त्यांचा तास मलाही पाठ झाला आहे. दर दोन वाक्यांना ते थांबतात आणि विचारतात, "कळून राहिलं ना?" पोरं लगेच "हाव" म्हणाली की सर नाराज होतात, पुन्हा पहिल्यापासून सांगतात.

त्यांचं ठरलेलं उदाहरण लातूरच्याच एका डाळमिलचं. बारा हमाल होते, नवी मशीन आली, आता किती ठेवले तर खर्च सगळ्यात कमी येईल? डेरिव्हेटिव्ह शून्य धरायचं, उत्तर निघतं. बारापैकी आठ.

गेल्या वर्षी एका मुलीने फळ्यावर ते बिनचूक सोडवलं. सर म्हणाले, "शाब्बास. बस आता."

ती बसली नसावी. वर्ग इतका शांत होता, की तिचा हळू आवाजही मला ऐकू आला. "सर, आमचे पप्पा उरलेल्या चारांत हायेत."

नंतर स्टाफरूममध्ये मी त्यांना उदाहरण बदलायला सुचवलं. ते कितीतरी वेळ हातावरचा खडू झटकत राहिले. मग म्हणाले, "बदलून काय होतंय? मिल तर तीच हाय."

यंदाही उदाहरण तेच आहे. फक्त आठ हे उत्तर आलं, की ते "कळून राहिलं ना?" म्हणत नाहीत. "बाकीचे चौघं कुठं गेले?" असं विचारतात, आणि उत्तराची वाट बघतात. भिंतीअलीकडे मीही पुस्तक मिटून उभा राहतो.