फोटो पाठवू का?

नातवाला इंग्रजी शाळेत घातलं आणि त्याचा अभ्यास घ्यायला घरात कुणी नाही, म्हणून काटेवाडीच्या साखरबाईंनी सुनेला, प्रतिक्षाला, बारामतीत इंग्रजीच्या क्लासला धाडलं. सासरे गाडीवरून सोडायचे आणि क्लास सुटेपर्यंत समोरच्या टपरीवर ठाण मांडून बसायचे.

त्या दिवशी धडा फोटोंचा होता. क्लासच्या बाईंनी सगळ्याजणींचा सेल्फी काढला आणि सांगितलं, "घरी गेल्यावर आपापल्या मैत्रिणींना पाठवा, आणि खाली लिहा, आय वॉन्ट टू शेअर धिस फोटो विथ यू." सेल्फीत प्रतिक्षा कितीतरी दिवसांनी खळखळून हसली होती. पण या घरातल्या सुनेचं तोंड फोनवर दिसत नसे. तिच्या डीपीला गुलाबाचं फूल होतं, थोरल्या जावेच्या डीपीला गणपती.

भाकऱ्या थापताना ती तेच वाक्य मोठ्यानं घोकत राहिली. इथं कळतंय कुणाला!

"काय बडबडतीस गं?" साखरबाईंनी विचारलं.

तिनं धीर केला. "आत्याबाई, मैत्रिणींना माझा फोटो पाठवू का?"

"आपल्यात न्हाय चालत. बाईमाणसाचा फोटो कुठंकुठं फिरतो, ठावं हाय का तुला?"

तिला चांगलं ठाऊक होतं. लग्नाआधी तिचा साडीतला फोटो, उंची-रंगासकट, बारामती-इंदापूरच्या झाडून सगळ्या वधूवर ग्रुपांवर फिरला होता. असाच फिरत फिरत तो साखरबाईंच्या घरी आला आणि पसंत पडला. तेव्हा, पाठवू का, असं तिला कुणी कुठल्याच भाषेत विचारलं नव्हतं.