बिनसाखरेचा चहा

कार्ल्याच्या फाट्यावर बसमधून उतरून मी घराकडं निघालो होतो. मागून एक बाई ओरडली, "भाऊ, चप्पल राहिली तुमची." बघतो तर डावा पाय अनवाणी, आणि मला त्याचा पत्ताच नाही.

तळपायाला मुंग्या तर बरेच दिवस येत होत्या. बायको म्हणाली, "शुगर असंल." मी लगेच व्हय म्हटलं. शुगर बरी, तिच्यापायी कुणाची मान खाली जात नाही. त्या दिवसापासून तिनं माझ्या चहातली साखर बंद केली, आणि मला एकट्याला वाईट वाटू नये म्हणून स्वतःचीही. मी संध्याकाळची बाटली काही बंद केली नाही.

शेवटी तिनंच मला लोणावळ्याला डॉक्टरकडं नेलं. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "शुगर नॉर्मल आहे. दारू घेता का?" मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसलो.

"रोज घेत्यात," बायको म्हणाली.

दारूनंही पायाच्या नसा खराब होऊ शकतात, बाकी तपासण्या करूच, पण आधी ती सोडा, असं डॉक्टरांनी सांगितलं.

घरी पोचतो तोच शेजारच्या मावशी विचारायला आल्या. "काय म्हणला डाक्टर?"

"शुगरच निघाली, मावशी," बायको म्हणाली.

मग तिनं चहा केला. मावशींच्या कपात साखर घालून ढवळली, माझा कप तसाच माझ्यापुढं सरकवला, आणि स्वतःचाही तसाच तोंडाला लावला.